वकिलांशिवाय जेवण

संजीवनी राजवाडेला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि बहुधा म्हणूनच तिची निवड झाली.

तायचुंग, पर्थ, ओसाका, बुसान, मनिला आणि सेबू अशा सहा शहरांची ती व्यावसायिक लीग डिसेंबरपासून बंद होती. जुना वेतन करार संपला, नवा होईना, आणि मालकांनी टाळेबंदी जाहीर केली. मैदानांना कुलपं लागली. खेळाडूंना सरावालासुद्धा आत सोडत नव्हते. मार्च उजाडला तरी कोणी मागे हटेना, तेव्हा दोन्ही बाजूंनी मध्यस्थ शोधायचं ठरवलं. लीगमध्ये सिंगापूरचा संघ नव्हता, म्हणून जागा सिंगापूर ठरली. आणि मध्यस्थ असा हवा होता, की ज्याचा कुठल्याच क्लबवर जीव नाही.

संजीवनी अठ्ठावन्न वर्षांची होती. नोकरीची सुरुवात चिंचवडच्या एका कारखान्यात, पर्सोनेल ऑफिसर म्हणून. मग नवऱ्याला, पद्माकरला, सिंगापूरच्या सेम्बावांग भागातल्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत काम मिळालं आणि दोघं इथे आले. तिनं आंग मो किओच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत बरीच वर्षं एचआर सांभाळलं, शेवटी मध्यस्थीचं रीतसर शिक्षण घेतलं. गेली नऊ वर्षं ती हेच करत होती. भांडणारी माणसं समोर बसवायची, ऐकायचं, आणि आपलं मत आपल्यापाशी ठेवायचं.

पहिल्या बैठकीच्या आदल्या दिवशी ती कागदांचा गठ्ठा घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती. पद्माकर आता निवृत्त होता. जगातला कुठलाही खेळ चालायचा त्याला.

"मला हे सांग," ती म्हणाली, "मालकांना कॅप हवी. म्हणजे एका क्लबनं सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून अमुक इतक्यापेक्षा जास्त खर्च करायचा नाही. का, तर म्हणे स्पर्धेत समतोल राहावा म्हणून. याचा नि समतोलाचा काय संबंध?"

"आपण लहानपणी गल्लीत क्रिकेटच्या टीम कशा पाडायचो?"

"जोड्या करून."

"का?"

"नाहीतर सगळे चांगले एकाच बाजूला जातील."

"झालं तर. आता समज, एका कॅप्टनच्या खिशात गोळ्या आहेत आणि दुसऱ्याच्या नाहीत. सगळे चांगले कुणाकडे जातील?"

"पण गोळ्या वाटायला बंदी केली, तर खेळणाऱ्यांना गोळ्या मिळायच्या बंद होतील."

"म्हणून तर टाळेबंदी आहे," पद्माकर म्हणाला, आणि भात वाढून घेऊ लागला.

सोमवारी सगळे शहरातल्या एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर जमले. मालकांची खोली उजवीकडे, खेळाडूंची डावीकडे आणि मधे मोठी, दोघांची मिळून. मालकांचे पुढारी होते मिस्टर ल्याओ. तायचुंगचा क्लब त्यांचा. गेल्या सहा वर्षांत त्यांनी पाच विजेतेपदं घेतली होती. खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष हान हा बुसानचा. एकेचाळीस वर्षांचा, खांद्याच्या दुखापतीमुळे दोन वर्षांपूर्वी चेंडू टाकणं सोडलेला. तो बसतानासुद्धा उजवा हात मांडीवर जपून ठेवायचा.

पहिला दिवस भाषणांतच गेला. ल्याओ म्हणाले, "खर्च असाच वाढला तर दोन क्लब बंद पडतील. कॅप हवीच." हान म्हणाला, "दहा वर्षांत लीगचं उत्पन्न दुप्पट झालं. आमचे पगार तिथेच आहेत. ज्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत ते सोडा. बाकावर बसणाऱ्या राखीव खेळाडूला हिवाळ्यात सामान पोचवायची नोकरी करावी लागते. कॅपला आम्ही कधीही हो म्हणणार नाही."

मालकांच्या वकिलानं एक गोष्ट तेवढी नवी सांगितली. टीव्हीवर सामने दाखवणारी कंपनी शुक्रवारी दुपारपर्यंत थांबणार होती. तोवर करार झाला नाही, तर या वर्षीचा हंगाम रद्द.

मंगळवारी संजीवनीनं एकेकाला वेगळं भेटायला घेतलं. दार लावून बोललेलं तिच्यापाशीच राहील, बोलणाऱ्याच्या परवानगीशिवाय एक शब्द पलीकडे जाणार नाही, हे तिनं प्रत्येकाला सांगितलं.

सेबूच्या मालकीणबाई तेरेसिता शेवटी आल्या. लीगमध्ये सगळे त्यांना मिस तेरे म्हणत. पासष्टीच्या, बारीक चणीच्या, वडिलांनी काढलेला क्लब चालवणाऱ्या. सेबू दरवर्षी तळाला असायचं. बैठकीत त्या एकदाही तोंड उघडून बोलल्या नव्हत्या.

"तुम्हाला कॅप हवी आहे?" संजीवनीनं विचारलं.

"हवी तर आहेच. मी मुलं घडवते आणि श्रीमंत क्लब घेऊन जातात." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "पण नुसत्या कॅपनं मी वर येणार नाही. टीव्हीचे पैसे आज जिंकणाऱ्याला जास्त मिळतात. ते सारखे वाटले, तर मी खेळाडूंना नीट पगार देईन. उलट प्रत्येक क्लबनं कमीत कमी इतके दिलेच पाहिजेत असं बंधन घाला, मला चालेल. चालेल कसलं, हवंच आहे. नाहीतर आमच्यातलेच काही जण पैसे घेतील आणि खिशात घालतील."

"हे मी पलीकडे सांगू?"

"नाही." त्यांनी लगेच मान हलवली. "दोन वर्षांपूर्वी सेबूला लीगमधून काढायचं घाटत होतं. ल्याओंच्या एका मतावर आम्ही राहिलो. टीव्हीचे पैसे सारखे वाटा म्हणजे त्यांच्याच खिशात हात घाला. हे माझ्या तोंडून निघालं असं त्यांना कळता कामा नये."

त्यानंतर तासाभरानं हान आला. आज तो भाषण करायच्या मनःस्थितीत नव्हता.

"तुम्हाला खरं सांगतो," तो म्हणाला. "किमान पगाराची अट असेल, आणि प्रत्येक क्लब तेवढा खर्च करेल याची हमी असेल, तर कॅप घेता येईल. माझ्या संघटनेत दीडशे माणसं आहेत. कॅपचा फटका त्यातल्या पंधरा जणांना बसेल. बाकीच्यांचं भलं होईल."

"मग हे बोलत का नाही?"

"ते पंधरा जण स्टार आहेत. मी कॅपचं नाव काढलं असं बाहेर फुटलं, तर ते उद्या मला काढून टाकतील आणि मग बोलणीच संपतील. समोरून आधी काहीतरी आलं पाहिजे. हे इथेच राहू दे."

तो गेला आणि संजीवनी रिकाम्या खोलीत बसून राहिली. करार तयार होता. अर्धा तिला डावीकडच्या खोलीनं सांगितला होता, अर्धा उजवीकडच्या. आणि दोघांनीही तिचं तोंड बांधलं होतं.

असा प्रसंग तिच्यावर पूर्वी एकदा आला होता. चिंचवडच्या कारखान्यात बोनसवरून वाद पेटला होता. ती तेव्हा सत्तावीस वर्षांची. व्यवस्थापन कुठवर चढायला तयार आहे हे तिला माहीत होतं. युनियनचे दिलीप जगदाळे सरळ माणूस. घरी दोन मुली, आणि तिला 'ताई' म्हणायचे. दोघांचंही भलं होईल म्हणून तिनं त्यांना कँटीनच्या मागे गाठून आकडा सांगितला. जगदाळ्यांनी तो सभेत बोलून दाखवला. व्यवस्थापनाला कळलं की आतून फुटलंय. त्यांनी आकडा मागे घेतला, बोलणी थांबवली आणि टाळेबंदी केली. सात महिने. कारखाना उघडला तेव्हा जगदाळे आणि आणखी अकरा जण परत आत आले नाहीत. कोण फुटलं ते कोणाला कधी कळलं नाही. जगदाळ्यांनी तिचं नाव सांगितलं नाही.

बुधवारी तिनं पुन्हा दोघांना वेगवेगळं विचारलं. "तुम्ही मला सांगितलेल्यातलं एक वाक्य तरी मी नेऊ का? कोणतं, ते तुम्ही ठरवा." मिस तेरे नाही म्हणाल्या. हानही नाही म्हणाला. मोठ्या खोलीत दिवसभर आकड्यांवरून खडाजंगी झाली आणि चार वाजता पर्थचे मालक विमानाची वेळ विचारायला लागले.

ती एमआरटी मेट्रोनं घरी आली, तेव्हा पद्माकरनं एवढंच विचारलं, "जमत नाहीये?"

"जमतंय. पण कुणी आधी बोलायचं, यावर अडलंय."

"तू सुचव ना काहीतरी."

"मी काय सुचवीन त्यावरून त्यांना कळेल की मला कुणी काय सांगितलंय."

पद्माकर स्वयंपाकघरात गेला. त्यानं चहा केला.

गुरुवारी सकाळी संजीवनीनं सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. रात्रीतून तिला एकच गोष्ट सुचली होती आणि तिची तिलाच खात्री नव्हती.

"आज दुपारी दोन माणसांनी एकत्र जेवायचं," ती म्हणाली. "एक मालक, एक खेळाडू. वकील नाहीत. मीही नाही. काय बोलायचं, बोलायचं की नुसतं जेवायचं, ते त्यांचं ते बघतील. फक्त एक आहे. मालकांकडून कोणी जायचं ते खेळाडू ठरवतील, आणि खेळाडूंकडून कोणी जायचं ते मालक."

मालकांच्या वकिलानं हरकत घेतली. त्याच्या गैरहजेरीत बोललेलं काहीही बंधनकारक नसेल, असं त्यानं दोनदा नोंदवायला लावलं. संजीवनीनं नोंदवलं. मालकांनी हानचं नाव दिलं, त्यात नवल नव्हतं. आता खेळाडू ल्याओंचं नाव घेणार, हे सगळे धरून चालले होते. संजीवनीसुद्धा. तसं झालं, तर दोघं पुन्हा तीच भाषणं करतील आणि शुक्रवार उजाडेल.

खेळाडूंची समिती दहा मिनिटांनी परत आली.

"मिस तेरे," हान म्हणाला.

मिस तेरेंनी आधी त्याच्याकडे पाहिलं नाही. मग पर्स उचलली आणि लिफ्टकडे चालायला लागल्या. हान मागून गेला.

एका तासाचं जेवण ठरलं होतं. संजीवनीनं आपला डबा उघडून पोळी-भाजी खाल्ली. एक तास झाला, दीड झाला. ल्याओ खिडकीशी येऊन उभे राहिले. खाली रस्त्यापलीकडे दोघं जेवायला गेले होते त्या हॉकर सेंटरचं, खाण्याच्या गाळ्यांचं, छप्पर दिसत होतं.

"हे दोघं एकमेकांना ओळखतात, माहितेय तुम्हाला?" ल्याओ म्हणाले.

"नाही."

"हान पहिली तीन वर्षं सेबूला होता. तेरेच्या वडिलांनी त्याला आणला. एकोणीस वर्षांचा असताना. त्यांच्या घरीच राहायचा. मग मी त्याला तायचुंगला घेतला. त्यानंतर ती त्याच्याशी बोललेली नाही."

दोघं अडीच तासांनी वर आले. मिस तेरेंचे डोळे लाल होते. हानच्या शर्टावर रश्श्याचा डाग पडला होता आणि त्याचं त्याला भान नव्हतं. तिथे काय झालं ते मिस तेरेंनी संजीवनीला नंतर सांगितलं. आधी दोघं नुसते जेवले. मग त्यांनी विचारलं, "बाबांच्या शेवटच्या वर्षी तू एकदाही का आला नाहीस?" हान म्हणाला, "तुम्ही दारात उभं केलं नसतं." त्या म्हणाल्या, "नसतंच केलं." आणि मग त्यानं सांगितलं की सेबूच्या तिसऱ्या वर्षी त्याच्या आईचं ऑपरेशन होतं. पगार वाढवून मागायला तो त्यांच्या वडिलांकडे दोनदा गेला, आणि दोन्ही वेळा न मागताच परत आला, कारण देण्यासारखं त्यांच्याकडे काही नाही हे त्याला दिसत होतं. "मला जायचं नव्हतं, मिस तेरे. तुम्हाला ठेवता येत नव्हतं आणि मला राहता येत नव्हतं." हे त्यांना वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

आत्ता मात्र त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलवा. मला बोलायचं आहे."

सगळे बसले. मिस तेरे उभ्याच राहिल्या.

"मला कॅप हवी," त्या म्हणाल्या. "पण एकटी नको. वरची मर्यादा घालाल, तर खालचीही घाला. प्रत्येक क्लबनं खेळाडूंवर कमीत कमी इतका खर्च केलाच पाहिजे. आणि तो आमच्यासारख्यांना झेपावा म्हणून टीव्हीचे पैसे सहा जणांत सारखे वाटा. हे मी तीन दिवसांपूर्वीच बोलायला हवं होतं. बोलले नाही."

मग ल्याओ हळू आवाजात म्हणाले, "तेरे, तुझ्यासाठी मी मत दिलं होतं."

"म्हणून तर तुमच्या तोंडावर बोलतेय. पाठीमागे बोलले असते, तर मला झोप लागली नसती."

हान उठला. त्याच्या समितीतला एक तरणा स्टार, तायचुंगचाच फलंदाज, त्याच्या बाहीला धरून काहीतरी पुटपुटत होता. हाननं त्याचा हात अलगद सोडवला. "मिस तेरे म्हणाल्या त्या तिन्ही गोष्टी एकत्र असतील, तर मी कॅप मतदानाला ठेवेन. माझी स्वतःची शिफारस जोडून. माझं पद गेलं तर जाऊ दे."

ल्याओंनी वेळ मागितला. ते आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी संजीवनीला बोलावलं. तिला वाटलं, आता निरोप सांगतील, आम्ही निघालो. ते कोट काढून बसले होते आणि एकदम थकलेले दिसत होते.

"तुम्हाला आमच्या स्टेडियमबद्दल माहीत आहे?" ते म्हणाले. "अठरा हजार माणसं मावतात. पहिल्या विजेतेपदाला बाहेर रांगा होत्या. गेल्या वर्षी, पाचव्याला, सात हजार आली. आमचाच अंतिम सामना. माझा मोठा भाऊ जन्मभर एक सामना चुकवत नव्हता, तो घरी राहिला. म्हणाला, निकाल माहीत आहे, येऊन काय करू?"

संजीवनीनं पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

"पाच विजेतेपदांसाठी मी आयुष्य घातलं. आणि आता बघायला कोणी येत नाही. हे मी त्या खोलीत कसं सांगू? कॅप मला खर्चासाठी हवी होती, हे खरं. पण सेबू जिंकेल अशी भीती लोकांना वाटली पाहिजे, हेही मला कळतं."

"हे मी सांगू?" तिनं विचारलं. गेल्या चार दिवसांत ती हाच प्रश्न विचारत आली होती.

ल्याओंनी कोट चढवला. "नको. माझं मी सांगतो."

त्यांनी सांगितलं. अगदी भावाच्या वाक्यासकट. त्यानंतर बुसान आणि मनिलाचे मालक एकदम बोलायला लागले. वकिलांनी कागद पुढे ओढले आणि खरं काम सुरू झालं. सगळं काही सारखं वाटलं गेलं नाही. टीव्हीच्या पैशांतला निम्मा भाग समान, निम्मा जुन्या पद्धतीनं, आणि दर वर्षी समान भाग थोडा वाढणार, इथे तडजोड झाली. खालची मर्यादा मिस तेरेंना हवी होती तेवढी आली नाही, पण आली. लीगचे हिशेब दोघांना मान्य असलेल्या तपासनिसाकडे जातील हे कलम हाननं घालून घेतलं. पर्थचे मालक शेवटपर्यंत कुरकुरत राहिले आणि शेवटी त्यांनीही सही केली. शुक्रवारी सकाळी साडेदहाला वकिलानं टीव्ही कंपनीला फोन लावला.

खेळाडूंचं मतदान पुढच्या बुधवारी झालं. संजीवनी बाजारात भेंडी निवडत असताना हानचा मेसेज आला. ब्याण्णव विरुद्ध अठ्ठावन्न. करार मंजूर. खाली आणखी एक ओळ होती. त्याला अध्यक्षपदावरून काढायचा ठराव आला होता आणि तो पडला. तो तायचुंगचा फलंदाज ठरावाच्या विरोधात उभा राहून बोलला, आणि त्यानं स्वतःचं मत मात्र कराराच्या विरोधात दिलं. संजीवनीनं ते तिथेच दोनदा वाचलं. भेंडी घेऊन ती घरी आली आणि तिनं पद्माकरला फक्त एवढंच सांगितलं, "खेळणार आहेत." बाकीचं सांगायची मुभा तिला नव्हती.

हंगाम सहा आठवडे उशिरा सुरू झाला, सामनेही कमी ठेवले. मिस तेरेंनी पहिल्या सामन्याचं आमंत्रण पाठवलं. काम संपल्यावरही कुठल्या एका बाजूकडून काही घ्यायचं नाही, हा तिचा नियम होता. तिनं आभार मानून नकार कळवला. त्या रविवारी दुपारी मात्र ती आणि पद्माकर टीव्हीसमोर बसले. सेबू विरुद्ध तायचुंग, सेबूच्या मैदानावर. मैदान खचाखच भरलं होतं.

आठव्या डावापर्यंत बरोबरी होती. सेबूच्या एका खेळाडूनं चेंडू उंच उडवला, तो लांब झेलला गेला, आणि तरीही तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे बेसवर, थांबलेला गडी धावत सुटला आणि धाव घेऊन आला. मैदान उसळलं.

"थांब, थांब," संजीवनी म्हणाली. "झेल घेतला ना? मग हा कसा पळाला?"

"झेल होईपर्यंत पाय टप्प्यावर ठेवला की त्यानंतर पळता येतं."

"हे नियमात आहे?"

"आहे."

"मग चार दिवसांत मला कोणीच कसं सांगितलं नाही?"

"तू विचारलंस का?"

नवव्या डावात तायचुंगनं दोन धावा काढल्या आणि सेबू एका धावेनं हरलं. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला. कोणी उठून जात नव्हतं. लोक उभ्याउभ्या वाद घालत होते, एक बाई शेजारच्याला हातवारे करून काहीतरी समजावत होती. पद्माकरनं रिमोट उचलला.

"राहू दे जरा," संजीवनी म्हणाली. "पुढचा सामना कधी आहे?"

"मंगळवारी. पुन्हा हेच दोघं."

तिनं फोन काढून मंगळवारची एक भेट तासभर पुढे ढकलली.